भूमिका करणारी बाई आणि भूमिका मागणारे लोक

मराठीत ‘भूमिका’ या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत आणि त्यांचं आपसात फारसं पटत नाही. नट भूमिका करतो. संपादक, पुढारी, संघटना भूमिका घेतात. केलेली भूमिका पडदा पडला की उतरते. तेल लावून रंग पुसला की माणूस घरी जायला मोकळा. घेतलेली भूमिका मात्र अंगाला चिकटून राहते, आणि कुणी घेतलीच नाही तर लोक आपल्या हातांनी ती चिकटवून देतात. आपण तिकीट काढतो ते पहिल्या भूमिकेचं. दुसरी फुकटात मागतो, आणि मिळाली नाही की पहिलीही काढून घेतो.

हे काढून घेणं प्रत्यक्षात कसं होतं ते बघायचं असेल, तर मिरा फुर्लान या क्रोएशियन अभिनेत्रीची कारकीर्द बघावी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: लोकांच्या पैशावर चालणाऱ्या नाट्यसंस्थेला आपल्या नटाची निष्ठा तपासण्याचा हक्क नाही. युद्ध चालू असलं तरी नाही. हे शेवटचे शब्द मी सहज लिहिलेले नाहीत, त्यांच्याकडे पुढे यावंच लागणार आहे.

मिरा 1955 साली झाग्रेबमध्ये, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या क्रोएशियाच्या राजधानीत, जन्मली. तिथल्याच नाट्य अकादमीत शिकली आणि क्रोएशियन राष्ट्रीय नाट्यगृहाच्या नटसंचात गेली. हे नाट्यगृह म्हणजे झाग्रेबच्या मधोमध उभी असलेली पिवळी, डौलदार इमारत. 1895 मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. मध्य युरोपात अशा नाट्यगृहाचा नट होणं म्हणजे आपल्याकडच्यासारखं नाईट घेऊन प्रयोग करणं नव्हे. ती पगारी नोकरी असते आणि समाजात तिला वजन असतं. भाजीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे ओळखतात, आणि ‘आमची’ म्हणतात. हा ‘आमची’ शब्द फार गोड असतो, जोपर्यंत त्यातली मालकी कुणी वसूल करायला येत नाही तोपर्यंत.

युगोस्लाव्हियाच्या शेवटच्या दशकात ती त्या देशाच्या सिनेमातली पहिल्या फळीची नटी होती. दिग्दर्शक कुस्तुरित्साच्या ज्या चित्रपटाला 1985 मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ‘बाबा कामानिमित्त बाहेरगावी असताना’, त्यात ती आहे. त्यातला एक प्रसंग सांगायलाच हवा. काळ युगोस्लाव्हियाचा नेता टिटो आणि स्टॅलिन यांच्यात फाटलं त्यानंतरचा. आगगाडीच्या डब्यात मेशा नावाचा गृहस्थ वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र बघतो. लिहीत बसलेला मार्क्स, मागे भिंतीवर स्टॅलिनची तसबीर. तो एवढंच म्हणतो की, हे जरा अतीच झालं. शेजारी त्याची प्रेयसी अंकिका बसलेली असते. ती रुसव्याच्या भरात हे वाक्य सरकारी अधिकारी असलेल्या त्याच्या मेहुण्याच्या कानावर घालते. मेशा सक्तमजुरीच्या छावणीत जातो, आणि पोराला सांगितलं जातं की बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत. अंकिकेचं काम मिराने केलं होतं. एका वाक्याने माणसाचं आयुष्य कसं उलथतं, ते तिने पडद्यावर सांगणाऱ्याच्या बाजूने करून दाखवलं. सहा वर्षांनी ती दुसऱ्या बाजूला उभी होती.

तिचा नवरा गोरान गायिच हा दिग्दर्शक, बेलग्रेडचा, म्हणजे सर्बियाच्या आणि युगोस्लाव्हियाच्याही राजधानीतला. झाग्रेब आणि बेलग्रेड यांच्यातलं अंतर साधारण मुंबई-कोल्हापूरएवढं. ती दोन्हीकडे राहायची, दोन्हीकडे काम करायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. 25 जून 1991 रोजी क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, युगोस्लाव्ह लष्कर आणि सर्ब गटांशी लढाई पेटली. त्या शरद ऋतूत बेलग्रेडच्या बिटेफ या आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सवात तिचं काम होतं. तिने ते केलं. युद्धाने नाटक थांबवू नये, नाटकाने युद्धाच्या तालावर नाचू नये, अशी तिची समजूत होती.

मग झाग्रेबमधली वर्तमानपत्रं तिच्याविरुद्ध सुरू झाली. मग तिच्या घरचं आन्सरिंग मशीन. ते यंत्र आता कुणाच्या घरात राहिलेलं नाही. आपण बाहेर असताना आलेला निरोप त्याच्या कॅसेटवर नोंदला जायचा. दिवसभराने घरी यायचं, चपला काढायच्या, बटण दाबायचं आणि अनोळखी शहरवासीयांचे आवाज एकामागून एक ऐकत उभं राहायचं: शिव्या, धमक्या. आजच्या ट्रोलिंगची सगळी सामग्री त्यात होती, फक्त लिहिण्याऐवजी लोकांना स्वतःच्या तोंडाने बोलावं लागत होतं. त्यांनी ते केलं. राष्ट्रीय नाट्यगृहाने तिला कामावरून कमी केलं. नोव्हेंबर 1991 मध्ये तिने आपल्या शहरातल्या लोकांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. आपल्याविरुद्धच्या या मोहिमेत सामील झाल्याबद्दल त्यात तिने नागरिकांचे आभार मानले आहेत. ते पत्र रडत नाही, हेच त्यातलं सर्वांत जिव्हारी लागणारं. त्याच महिन्यात ती आणि गोरान अमेरिकेला निघून गेले. तेव्हा ती 36 वर्षांची होती.

आता युद्धाकडे. झाग्रेबच्या त्या संतापाला कारण नव्हतं असं म्हणणारा माणूस एक तर अज्ञानी, नाहीतर लबाड. ज्या नोव्हेंबरात हे पत्र आलं त्याच नोव्हेंबरात, 18 तारखेला, पूर्व क्रोएशियातलं व्हुकोव्हार शहर पडलं. 87 दिवसांचा वेढा, युगोस्लाव्ह लष्कराच्या तोफा, शहरात धड भिंत उरली नाही. पडल्यानंतर दोनच दिवसांत तिथल्या रुग्णालयातून नेलेल्या सुमारे 200 जणांना ओव्हचारा इथे मारून पुरलं गेलं. त्यात जखमी होते. ज्या आईचा मुलगा तिथे होता, तिला बेलग्रेडमध्ये नाटक करणाऱ्या बाईचा राग येणं मला कळतं. ती आई मिराच्या यंत्रावर वाटेल ते बोलली असती तरी मी तिला नावं ठेवली नसती.

पण मिराला नोकरीवरून काढणारे हात त्या आईचे नव्हते. ते हात पगारी होते. त्यांच्याकडे कागद, शिक्का आणि उबदार कचेरी होती. लेख लिहिणारेही व्हुकोव्हारच्या तळघरात बसलेले नव्हते. दुःखाला बेभान व्हायची मुभा असते. संस्था त्या दुःखाच्या नावाने बेभान होते, तेव्हा ती फक्त आयतं हत्यार उचलत असते. संस्था असते कशासाठी? लोक रागाने आंधळे होतात त्या महिन्यांत कुणीतरी नियम वाचावा, यासाठीच. शांततेत तर सगळेच उदार असतात.

यावर एक हुशार प्रतिवाद असा येतो: नाट्यगृहाच्या नावातच ‘राष्ट्रीय’ आहे, मग राष्ट्र पेटलेलं असताना त्याच्या नटीने शत्रूच्या राजधानीत जावं का? मला यात शब्दाची चलाखी दिसते. बेलग्रेडचं नाट्यगृह व्हुकोव्हारवर तोफा डागत नव्हतं. तिथे प्रेक्षागृहात बसलेल्यांत युद्धाला विटलेले, पोरांना लष्करभरतीपासून लपवून ठेवणारे लोकही होते. तोफा आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक यांना एकाच पिशवीत घालायचं, हा तर युद्ध पेटवणाऱ्यांचा आवडता हिशेब. नाट्यगृहाने तोच मान्य केला, म्हणजे तिथे तरी युद्ध जिंकलंच. आणि ‘राष्ट्रीय’ याचा अर्थ राष्ट्राच्या खर्चाने चालणारं, राष्ट्राच्या भाषेत बोलणारं असा आहे. सरकारी रुग्णालयाचा डॉक्टर सरकारच्या मताचा असायला लागत नाही. नटाकडून ते का लागावं?

आणखी एक गोष्ट खटकते. हे सगळं हुकूमशहाच्या फर्मानाने झालं असतं तर सोपं होतं, आपण राजकारण्यांना शिव्या घालून मोकळे झालो असतो. पण यात पुढे होते सुशिक्षित, वाचणारे, नाटकं बघणारे लोक. वर्षभराने, डिसेंबर 1992 मध्ये, ‘ग्लोबस’ या झाग्रेबच्या साप्ताहिकाने पाच लेखिकांना ‘चेटकिणी’ ठरवणारा मजकूर छापला. दुब्राव्हका उग्रेशिच, स्लावेंका द्राकुलिच, राडा इवेकोविच, वेस्ना केसिच, येलेना लोव्रिच. सोबत तक्ता: कुणाचा धर्म-वंश काय, कुणाचा नवरा कोणत्या जातकुळीचा. यातल्या राडा इवेकोविच यांनी दिल्ली विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, त्या विषयावर पुस्तकं लिहिली. नवऱ्याची जात बघून बाईच्या विचारांची किंमत ठरवायची ही रीत त्यांना दिल्लीत असताना अगदीच अनोळखी वाटली नसेल, असं मला उगाच वाटून जातं.

आता दुसरा प्रतिवाद, आणि तो मला जास्त चीड आणतो. मिरा अमेरिकेत गेली, हॉलिवूडमध्ये नाव झालं, मग नुकसान कसलं? ‘बॅबिलॉन 5’ या विज्ञानमालिकेत डिलेन, नंतर ‘लॉस्ट’मध्ये दानिएल रूसो. जगभर चाहते. झालं ते बरंच झालं की!

हे म्हणणाऱ्याला नट म्हणजे काय ते कळलेलं नाही. चित्रकार रंगांची पेटी उचलून दुसऱ्या देशात जातो. वादकाची सतार विमानात चढते. नटाचं वाद्य म्हणजे भाषा, आणि ती सीमेवर जप्त होते. शब्द शिकता येतात. पण कोणत्या शब्दावर किंचित थांबलं की समोरच्या अंधारात हशा येतो, कोणता स्वर आजीचा आणि कोणता मास्तरांचा, हे चाळीस वर्षांच्या पुंजीचं काम असतं. विदर्भातल्या एखाद्या चांगल्या नटाला उद्यापासून डॅनिश रंगभूमीवर उभं करा आणि मग विचारा, नुकसान कसलं.

पुरावा भूमिकांच्या यादीतच आहे. डिलेन ही परग्रहावरची राजदूत आहे, पहिल्या पर्वात कवटीवर हाडाचा मुकुट, टक्कल, रबराचा मुखवटा. अमेरिकन टीव्हीला मिराच्या उच्चाराला घर सापडलं ते दुसऱ्या ग्रहावर. रूसो ही बेटावर अडकलेली फ्रेंच बाई, म्हणजे पुन्हा ‘कुठली तरी बाहेरची’. तिने दोन्ही कामं अशी केली की उच्चार हीच पात्राची प्रतिष्ठा झाली, हे तिचं श्रेय. जागा मात्र त्याच चौकटीत मिळाली.

हीच गोष्ट त्याच युद्धाच्या काळात देशाबाहेर पडलेल्या रादे शेर्बेजिया या नटाच्या बाबतीत आणखी ठळक दिसते. याला बहुतेकांनी पाहिलेलं असतं, नाव मात्र माहीत नसतं. ‘स्नॅच’मधला मरता मरत नाही तो बोरिस द ब्लेड, हॅरी पॉटरमधला कांड्या घडवणारा ग्रेगोरोविच. जन्म 1946, क्रोएशियातल्या लिका भागातलं बुनिच गाव, आईवडील सर्ब, शिक्षण आणि नाव झाग्रेबमध्ये. 1974 मध्ये दुब्रोव्हनिकला समुद्राकाठच्या लोव्रियेनात्स किल्ल्यात त्याने केलेला हॅम्लेट तिथले जुने लोक अजून काढतात. उघडं आकाश, दगडी तट, खाली लाटा, आणि तटबंदीवर बापाचं भूत. नाटकातल्या एल्सिनोर किल्ल्याचं नेपथ्य उभारायचं कामच नाही. 1994 मध्ये मान्चेव्हस्कीच्या ‘पावसाआधी’ या मॅसेडोनियन चित्रपटात तो छायाचित्रकार झाला. बाहेरचं जग सोडून गावी परततो, एका अल्बेनियन मुलीला वाचवायला जातो आणि स्वतःच्याच भाऊबंदांच्या गोळीने मरतो. त्या चित्रपटाला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. हॉलिवूडचं दार उघडलं. आणि उघडल्यावर आत काय होतं? ‘द सेंट’मध्ये रशियन, ‘मिशन इम्पॉसिबल 2’मध्ये रशियन, ‘स्पेस काउबॉईज’मध्ये रशियन, ‘24’ मालिकेत रशियन. लोव्रियेनात्सचा हॅम्लेट अमेरिकेत कायमचा रशियन झाला! तो ही कामं मजेत करतो, त्याच्या भुवया अर्धं काम स्वतःच करतात. त्याच्यावर दया दाखवायचं कारण नाही. पण त्याला लागणारं मोठं वाक्य, मोठी शांतता त्या भाषेत त्याला कुणी दिली नाही.

क्रोएशियन भाषा सर्बियनहून वेगळी दाखवायचं वेड किती थराला गेलं होतं त्याचा एक किस्सा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘जखमा’ हा सर्बियन चित्रपट क्रोएशियात लागला तो क्रोएशियन सबटायटल्ससह. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या की पडद्यावर बोललेलं वाक्यच थोडं इकडचं तिकडे करून खाली उमटत होतं. पुण्यात वऱ्हाडी सिनेमा लावून खाली प्रमाण मराठीत पाट्या द्याव्यात, तसं. प्रेक्षक सिनेमाला सोडून पाट्यांना हसले. सरकारी आग्रहाला मिळालेली ती सर्वांत प्रामाणिक समीक्षा असावी.

शेर्बेजियाने मात्र नंतर एक काम केलं, आणि त्यासाठी मला तो नटाहून मोठा वाटतो. बोरिस्लाव्ह व्हुइचिच या लेखकासोबत त्याने ‘युलिसिस’ हे नाट्यगृह काढलं. जागा ब्रियुनीची बेटं. भारतीय वाचकाला हे नाव परकं नसावं. जुलै 1956 मध्ये टिटो, इजिप्तचे नासर आणि नेहरू इथेच बसले होते आणि अलिप्ततावादाची वाट इथून निघाली. टिटोंच्या प्राणिसंग्रहातले इंदिरा गांधींनी भेट म्हणून दिलेले हत्ती इथल्याच मोठ्या बेटावर राहिले, त्यातल्या हत्तिणीचं नाव लंका. असो. शेजारच्या माली ब्रियुन या छोट्या बेटावर ऑस्ट्रियन काळातला पडका किल्ला आहे. 2001 च्या उन्हाळ्यात तिथे ‘किंग लिअर’ उभं राहिलं. दिग्दर्शिका लेंका उदोविच्की ही त्याची पत्नी, बेलग्रेडमध्ये शिकलेली. राज्याचे तुकडे करून वादळात वेडा झालेला म्हातारा शेर्बेजियाने साकारला. प्रेक्षकांनी समोरच्या किनाऱ्यावरच्या फाझाना गावाच्या धक्क्यावरून बोटीत बसून जायचं. ज्यांच्या देशाचे नुकतेच तुकडे झाले होते, त्या लोकांनी अंधारात बोटीतून उतरायचं आणि हे नाटक बघायचं. वर भाष्याची गरजच नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात, 2002 मध्ये, याच मंडळींच्या बोलावण्यावरून मिरा फुर्लान क्रोएशियात परत आली. अकरा वर्षांनी. मधल्या काळात ‘बॅबिलॉन 5’मध्ये तिच्या वाट्याला एक विलक्षण प्रसंग आला होता. दुसऱ्या पर्वात डिलेन अर्धी मानव होते, आणि तिच्याच लोकांचं सर्वोच्च मंडळ तिला काढून टाकतं: तू आता पूर्ण आमची राहिली नाहीस. अंगावर रबर आणि अंगरखा चढवून ती ते ऐकत उभी आहे. मला ही मालिका फार आवडते अशातला भाग नाही, अवकाशयानांचं मला कौतुक कमी. पण तो चेहरा मी दोनदा थांबवून पाहिला. तिथे अभिनय किती आणि आठवण किती, ते वेगळं काढता येत नाही.

परतीवर क्रोएशियात आणि बाहेर पुष्कळ भाबडं लिहिलं गेलं. जखमा भरल्या, वर्तुळ पूर्ण झालं वगैरे. मला हे मान्य नाही. कारकीर्द म्हणजे बँकेतली मुदत ठेव नव्हे, की अकरा वर्षांनी व्याजासकट परत केली आणि हिशेब मिटला. नटीची 36 ते 47 ही वर्षं म्हणजे इब्सेनच्या नोरा आणि हेडाची, शेक्सपिअरच्या लेडी मॅकबेथची वर्षं. शरीर अजून साथ देतं आणि आयुष्य आता कळलेलं असतं. ती वर्षं झाग्रेबच्या प्रेक्षकानेही गमावली. मिराची हेडा न बघितलेली एक अख्खी पिढी तिथे वाढली आणि तिला ठाऊकही नाही की आपल्याला काय दिसलं नाही. शिक्षा नटीला दिली असं त्या कचेरीला वाटलं, दंड मात्र प्रेक्षागृहाने भरला.

आणि परतली तरी कुठे? त्या पिवळ्या इमारतीत नव्हे. बेटावर, बोटीने जायच्या किल्ल्यात, तीही दुसऱ्या एका हद्दपाराने काढलेल्या नाट्यगृहात. भाषा तिने आणखी एका चोरवाटेने परत मिळवली. क्रोएशियातल्या स्प्लिट शहराच्या ‘फेराल ट्रिब्यून’ या टवाळ, निर्भीड साप्ताहिकात ती सदर लिहायची. रंगमंचावर बोलता येत नाही तर कागदावर बोलू. त्या लेखांचं पुस्तकही निघालं. जानेवारी 2021 मध्ये लॉस एंजेलिसला ती गेली, 65 व्या वर्षी. मग मृत्युलेख आले, झाग्रेबमधूनही भरभरून आले, आणि त्यांत पुन्हा तो जुना शब्द होता: आमची.

2002 च्या त्या उन्हाळ्यात तिने काय केलं होतं ते सांगायचं राहिलं. मिडिआ. परक्या मुलुखातली, घरदार मागे सोडून आलेली, ‘ही आमच्यातली नाही’ म्हणून नगराबाहेर काढलेली बाई. युरिपिडीसच्या नाटकात राजा क्रेऑन हुकूम सुनावतो: आत्ताच्या आत्ता निघ. ती त्याच्याकडे एक दिवस मागते. एकच दिवस, तयारीपुरता. क्रेऑन कचरतो, आपण चूक करतोय हे त्याला कळतं, तरी देतो.

झाग्रेबच्या क्रेऑनने तो दिला नव्हता. फाझानाहून बोटीने आलेले लोक दगडी पायऱ्यांवर बसले होते, आणि ती तो दिवस मागत होती, त्यांच्या भाषेत.